कोरडा साबण

भावोजी पहिल्यांदा आमच्याकडे आले, त्या दिवशी आमचं घर सील होता होता वाचलं. ताईने पसंत केलेला मुलगा येणार म्हणून बाबा इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे, त्यांच्यामागे आई हसू तयार ठेवून उभी. आणि हा उंच, किडकिडीत गृहस्थ दोघांत मिळून एकच नमस्कार करून सरळ स्वयंपाकघरात घुसला. त्याने फ्रिजमध्ये जे डोकं घातलं ते बाहेर काढेचना. लग्नाची बोलणी आता फ्रिजशीच होणार, असं मला वाटायला लागलं. मग त्याने ओट्यावरचं फडकं दोन बोटांनी उचललं, हुंगलं आणि डोळे मिटून घेतले. शेवटी बेसिनजवळच्या साबणावरून अंगठा फिरवला आणि बाहेर येऊन बाबांना म्हणाला, "साबण ओला आहे. माझ्याकडून होकार."

"आणि फडकं?" आईने घाबरत विचारलं.

"त्याला निरोप द्या."

भावोजी हॉटेलांची स्वयंपाकघरं तपासायचे. बाकीचे तपासनीस झुरळं शोधायचे, फरशी बघायचे. भावोजी आधी हात धुवायच्या बेसिनपाशी जायचे. साबण कोरडा, चिरा पडलेला असला की पुढचं बघायची गरजच नाही, म्हणायचे. इथे हात धुतले जात नाहीत. त्यांची स्कूटर कोपऱ्यावर दिसली की अख्ख्या रस्त्यावरचे मालक साबण भिजवायला धावत. मग भावोजी साबण उचलून खालून बघत. वरून ओला, खालून डबीला चिकटलेला!

"काय मालक, आज फक्त साबणाचीच आंघोळ झाली का?"

तपासलेल्या हॉटेलात त्यांनी कधी पाण्याचा घोटही घेतला नाही. आमच्या अख्ख्या खानदानात इतका ताठ कणा दुसरा नाही. असता तर तो मी नक्की मिरवला असता.

नोकरीच्या शेवटी शेवटी त्यांच्या हाताखाली एक नवी मुलगी आली. इतकी बारीक आणि इतकी भित्री, की झुरळ दिसलं तर आधी त्याचीच माफी मागेल. भावोजींनी तिचं नाव चिमटी ठेवलं आणि तिला घेऊन गावभर हिंडले. "हे बघ पोरी," ते सांगायचे, "मालक ओळखीचा निघाला, तर दुप्पट बघायचं."

निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःची खानावळ काढायचं ठरवलं. स्वयंपाकी स्वतःच. भाजीत थर्मामीटर खुपसून, तिच्यात काहीही जिवंत उरलेलं नाही याची खात्री झाल्यावरच ते गॅस बंद करत. हात धुवायचं बेसिन मात्र पांढरंशुभ्र, असं निवडून आणलेलं, की ताई म्हणाली, "मला बघायला आलात तेव्हा एवढा वेळ नव्हता लावलात!" उद्घाटनाला त्यांनी जन्मभर छळलेल्या सगळ्या मालकांना बोलावलं होतं. त्या सगळ्यांच्या नाकासमोर परवाना भिंतीवर लागलेला असावा, यासाठी त्यांचा जीव टांगणीला लागला होता.

आदल्या दिवशी तपासणीला चिमटीच आली. मी कांदे सोलत होतो.

"ये, पोरी, ये!"

"सर, आज पोरी नाही. आज तपासनीस," ती म्हणाली. आवाज कापत होता; पावलं सरळ बेसिनकडे गेली. तिने साबणावरून अंगठा फिरवला. मग साबण उचलला.

"सर, यावरची कंपनीची अक्षरं अजून वाचता येतायत. तुम्ही तर सकाळपासून भाज्या चिरताय. मग हात कुठे धुता?"

भावोजी छताकडे बघू लागले. ताईचा बांध फुटला. "मी सांगते! त्या बेसिनला हात लावू देत नाहीत कुणाला. डाग पडेल म्हणे! आम्ही सगळे तिकडे खरकट्या भांड्यांच्या मोरीत हात धुतोय."

"अगं, उद्या पाहुणे येणार, म्हणून…"

"अहो बाई," मी मध्ये तोंड घातलं, "एवढ्याशा साबणाचं काय घेऊन बसलात? भिजवतो की आत्ता!"

"तू गप्प बस!" भावोजी माझ्यावर खेकसले.

चिमटीच्या डोळ्यांत पाणी होतं, पण मान हलली नाही. "सर, परवाना नाही देता येणार. उद्या उघडू नका. सोमवारी परत बघते."

ती गेली. भावोजी खुर्चीत बसले. आता माणूस कोसळणार, म्हणून मी पाण्याचा पेला पुढे केला. बघतो तर स्वारीची छाती फुगत चाललेली. "पाहिलंस? उचलून खालून बघितलं तिने! खालून!"

दुसऱ्या दिवशी मालक मंडळी फुलं घेऊन हजर. बंद दारासमोर भावोजी स्वतः उभे, आणि पोरगी बोर्डात पहिली आल्यासारखं प्रत्येकाला सांगतायत, "नापास झालो! चिमटीने केलं. माझ्या हाताखाली तयार झालीये!"

"साहेब," एक जुना मालक म्हणाला, "साबण भिजवायचा होतात ना. आम्ही शिकवलं असतं."

सगळ्यांत मोठ्याने भावोजीच हसले. आणि मी, त्यांचा सख्खा मेहुणा, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होतो, "हे आमचे भावोजी बरं का!"

सोमवारी साबण झिजलेला होता, बेसिनला डाग पडले होते, आणि परवाना मिळाला.

खानावळ वर्षभरात बंद पडली. जेवणाला चव नव्हती.