चाकावरची जाळी

शाळेच्या मैदानावर जुन्या सायकलींचं प्रदर्शन भरलं होतं. शंभर वर्षांपूर्वीच्या एका लेडीज सायकलीपाशी माझी बायको, सुमन, थबकली. सहज चढता यावं म्हणून सायकलीचा मधला दांडा खाली वाकवलेला होता. मागच्या चाकावर दोन्ही बाजूंनी रंगीत दोऱ्यांची जाळी ताणलेली होती. झग्याचा घोळ आऱ्यांत अडकू नये म्हणून.

“वहिनी, चालवून बघा ना,” सायकलीचे मालक म्हणाले.

“अगं, पदर अडकेल,” माझ्या तोंडून निघालंच.

“मग ही जाळी काय मासे धरायला आहे?” सुमन म्हणाली.

मी ओशाळलो. लग्नानंतर तिची सायकल सुटली ती माझ्या याच वाक्यापायी. ही सायकल ज्याने कुणी घडवली, त्यालाही चालवणारीची काळजी वाटलीच असेल. त्या काळजीपोटी त्याने दांडा वाकवला, चाकावर दोरे विणले. माझ्या काळजीने मात्र आजवर नुसती वाट अडवली. हे कळायला मला पन्नाशी गाठावी लागली.

सुमनने पेडल मारलं. मी कॅरिअर धरून मागे धावू लागलो.

“अहो, सोडा की! तुम्हीच पडाल.”

बोटं उघडायला मला अर्धं मैदान लागलं. सायकल जरा डगमगली, मग हलकी होऊन पुढे गेली. वाऱ्याने पदर जाळीवर आपटला, क्षणभर फडफडला आणि अलगद घसरून गेला. मैदानाला वळसा घालून घंटी वाजवत सुमन माझ्याच दिशेने येऊ लागली, तेव्हा मी हसत वाटेतून बाजूला झालो.