गेरू लावलेलं भांडं

ला चाम्बा या कुंभारांच्या गावात भांडं घोटायला घेतलं की मध्येच सोडायचं नाही. गेरू ओला आहे तोवर गुळगुळीत दगडाने घासत सुटायचं, चकाकी येईस्तोवर. जरा थांबलात की गेरू सुकतो, डाग पडतो, आणि भांडं भट्टीतून काळंभोर होऊन आलं तरी तो डाग जात नाही. असल्या भांड्याला मग बाजारात कुत्रंही विचारत नाही.

एर्मेलिंदाच्या भांड्याला कधी डाग पडला नव्हता. आईमागे आईचा दगड तिच्याकडे आला. धाकटी बहीण लुदिविना भांडी घडवायची, ही घोटायची. लग्न केलं नाही, गाव सोडलं नाही. बहिणीची पोरं आणि नदीच्या माशांचं कालवण, एवढ्यात तिचा जीव रमला. बोलायची थोडंच, पण भांडं चकाकलं की स्वतःशी हसायची.

मग तिच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखू लागलं. दवाखान्यातल्या नर्सने मनगटाला पट्टा दिला आणि बजावलं, दिवसाला एकच भांडं, तेही लहान. मनगट वाकवायचं नाही. हाताला विसावा द्यायचा.

"विसावा म्हणे. तिला म्हणावं, ये एकदा घोटायला," लुदिविना फणकारली. सणाचा माल अंगावर होता ना.

एर्मेलिंदाने मात्र ऐकलं. एक लहानसं मडकं घोटायची, पट्टा बांधायची आणि दारात बसायची. आणि या लुदिविना बयेने काय करावं? ताई परसात गेली की दुसऱ्या भांड्याला गेरू फासून ठेवायची. ओलं भांडं डोळ्यांसमोर असताना ताईला बसवणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"अगं ताई, चुकून लागला बघ गेरू. आता सुकेल."

ताई पट्टा सोडायची. मध्येच हात झटकू लागली की ही म्हणायची, "थांबू नकोस, डाग पडेल." माल वेळेवर गेला. लुदिविना खूश.

परवा सकाळी एर्मेलिंदाने गरम चॉकलेटचा पेला उचलला आणि तो तिच्या बोटांतून सुटला. तिने डाव्या हाताने खापऱ्या गोळा केल्या. "माझंच लक्ष नव्हतं," म्हणाली. लुदिविनाने तिला तशीच उठवलं. दोघी दवाखान्यात गेल्या. नर्स म्हणाली, आता दगड हातात धरायचाच नाही. हात सुधारेल का, तेही तिला सांगता येईना.

आज लुदिविना स्वतः घोटायला बसली. आईच्या दगडाला ताईच्या अंगठ्याची खोबण पडलेली. तिथे हिचा अंगठा नीट बसेना. अर्धंही भांडं झालं नाही तोच मनगटात आग उठली. ताई शेजारी बसून बघत होती. लुदिविनाला तिच्याकडे मान वर करून बघवेना.

"ताई," ती घोटता घोटता म्हणाली, "तो गेरू चुकून नव्हता लागत. मी मुद्दाम लावायचे."

"माहीत होतं मला."

"मग घोटलंस कशाला?"

"तू घडवलेलं भांडं होतं ना."

लुदिविना आणखी जोर लावायला गेली, तसा ताईने आपला डावा हात तिच्या मनगटावर ठेवला.

"दुखतंय ना? ठेव खाली. पडू दे डाग."

लुदिविनाने दगड ठेवला आणि ती गेरूने माखलेल्या हातांनीच तोंड झाकून रडली. मांडीवरचं भांडं सुकत गेलं.