गांजावाले नबीसाब

नवी पेठेत कापडाच्या दोन मोठ्या दुकानांच्या मधून एक बोळ आत जातो. त्याच्या तोंडाशीच नबीसाबांचं दुकान. दुकान म्हणजे एक टेबल, एक स्टूल आणि भिंतीला टांगलेले वजनकाटे. भाजीवाल्यांचे, सोनारांचे, भंगारवाल्यांचे, सगळे आजारी. काटा बिघडला की सोलापुरातला माणूस नबीसाबांकडे येतो. कुणाचा काटा आपोआप बिघडलाय आणि कुणी मुद्दाम बिघडवलाय, हे त्यांना झाकण उघडताच कळतं. पण ते कुणाला सांगत नाहीत, म्हणून धंदा टिकून आहे.

मात्र ‘काटेवाले नबीसाब कुठं बसतात’ असं विचारलं तर पेठेत कुणी सांगणार नाही. ‘गांजावाले नबीसाब’ म्हणा, रिक्षावाला दारात आणून सोडेल. आणि गंमत अशी की या माणसानं जन्मात साधी विडी ओढलेली नाही.

नाव पडलं पोलिसांमुळं. गांजा पकडला की तो पंचांसमोर मोजावा लागतो आणि मोजायला सरकारी शिक्क्याचा काटा लागतो. बऱ्याच वर्षांपूर्वी हिंदुराव हवालदार घाईघाईनं दुकानात आले आणि म्हणाले, “चला नबीसाब, काटा घ्या. दहा मिनिटांचं काम हाय.” ते काम संध्याकाळपर्यंत चाललं. पंचनाम्यात ‘वजनकाटाधारक’ म्हणून नबीसाबांची सही झाली आणि तेव्हापासून जिल्ह्यात कुठंही गांजा सापडला की जीप आधी नवी पेठेत यायची. जीपमधून उतरताना अंगाला तो उग्र वास यायचा. बघणाऱ्यांनी काय समजायचं ते समजलं.

थोरल्या मुलीसाठी, झीनतसाठी, गुलबर्ग्याचं एक स्थळ आलं होतं. पाहुण्यांनी बोळाच्या तोंडाशी पत्ता विचारला. पानवाला आपुलकीनं म्हणाला, “गांजावाले नबीसाब ना? या, या, हितंच.” पाहुणे तिथूनच परत फिरले. घरात शीरखुर्म्याचं पातेलं तसंच राहिलं. त्या दिवशी गुलबानोनं नवऱ्याला चांगलंच झाडलं. “काम पोलिसां का, नाम चोरां का! मना कर देते तो क्या बिगडता?”

“बुलाए तो जाना पडता, बानो,” नबीसाब म्हणाले आणि चार दिवस तोच शीरखुर्मा खात राहिले. झीनतचं पुढं विजापुरात चांगल्या घरी जमलं. जावई पोलिसात आहे, त्यामुळं त्याला काही समजावून सांगावं लागलं नाही.

या कामातली एक गोष्ट मात्र नबीसाबांना खुपायची. गांजा किलोच्या आत भरला तर शिक्षा वेगळी, वर गेला तर वेगळी आणि फारच वर गेला तर निम्मं आयुष्य आत. एकदा एसटी स्टँडवर एका पोराला पिशवीसकट पकडलं. मिसरूड फुटलेलं नव्हतं. पिशवी काट्यावर ठेवली तेव्हा तो पोलिसांकडं बघत नव्हता, सोबतच्या आईकडं बघत नव्हता, काट्यावरच्या लाल आकड्यांकडं बघत होता. आकडा किलोच्या पुढं गेला. नबीसाबांनी तो खणखणीत आवाजात वाचून दाखवला, कारण तसाच वाचायचा असतो. घरी येऊन जेवले नाहीत. ज्यानं पिशवी भरून दिली त्याला आजवर कधी काट्यासमोर उभं केलेलं पाहिलं नाही, एवढंच गुलबानोला म्हणाले.

यंदाच्या उन्हाळ्यात सगळ्यांच्या फोनवर एक व्हिडिओ फिरायला लागला. कोट घातलेला एक माणूस छातीठोकपणे सांगत होता, की सरकार लवकरच गांजाला परवानगी देणार आणि शेतकरी ऊस सोडून गांजा लावणार. खरं-खोटं कोण बघतो? दुपारी गिऱ्हाईक नसताना नबीसाबांच्या टेबलाभोवती बैठक भरायला लागली. नबीसाब गांजावाले, म्हणजे त्यांना आतली खबर असणारच!

शेजारचे कापडवाले चन्नप्पा काळजीत पडले. “परवानगी मिळाली म्हणजे दुकानं निघणार की. समजा माझ्या शेजारीच निघालं. लोक लग्नाचा बस्ता बांधायला येणार, आधी तिकडं जाणार, मग इकडं येऊन एकाच साडीकडं तासभर बघत बसणार.”

“तुमचं काय जातंय? भाव तरी करणार न्हाईत,” हिंदुराव म्हणाले. ते आता निवृत्तीला आले होते. “मला विचाराल तर होऊन जाऊ दे. निम्मी कोठडी रिकामी होईल. माझी सगळी उमेद असली पोरं पकडण्यात आणि कोर्टात साक्षी देण्यात गेली. खरे चोर पकडायला सवड तरी मिळंल.”

“आणि पोरं बिघडली म्हणजे?”

“आत्ता काय भजनाला बसल्यात?”

चन्नप्पांनी चहाचा कप टेबलावर ठेवला. “अवो, पण आत्ता निदान लपून तरी ओढतात. बापाची भीती हाय. उद्या बापच म्हणाला, बाळा, येताना माझ्यासाठीबी आण, तर?”

दोघं नबीसाबांकडं बघायला लागले. नबीसाबांनी डोळ्यावरचं भिंग न काढता सांगितलं, “माझं दुकान वजनाचं आहे. मताचं पलीकडं.”

याच दिवसांत मैंदर्गीचे बाळासो शेळ्या मोजायचा काटा घेऊन आले. बाळासोंचं आयुष्य लॉरीच्या केबिनमध्ये गेलेलं. गुडघे गेले तसे गावी परतले आणि शेळ्या पाळायला लागले. शेत होतं, पण ते त्यांची बायको मायाक्का बघायची. बाळासोंना रस्त्यावरचा प्रत्येक ढाबा ठाऊक होता, शेतातलं एक झाड ओळखू येत नव्हतं.

काटा टेबलावर ठेवून त्यांनी आवाज खाली आणला. “नबीसाब, ते गांजाचं खरं हाय का?”

“काय खरं?”

“परवानगीचं. न्हाई, नुसतं इचारतोय. ज्यानं आधी लावला त्यो पुढं जाणार, असं म्हणत्यात.”

नबीसाबांनी पहिल्यांदाच हातातलं काम बाजूला ठेवलं. “बाळासो, नक्को. कायदा होईल तेव्हा होईल. आज एक झाड जरी लावलं तरी आजच्या कायद्यानं आत जाल. मीच येईन मोजायला.”

“छ्या, मी कशाला लावतोय!” बाळासो हसले, काटा उचलला आणि दुरुस्त व्हायच्या आधीच घेऊन गेले. नबीसाबांना तेव्हाच समजायला हवं होतं. अक्कलकोटच्या बाजारात एकानं बाळासोंना बियांची पुडी आधीच विकली होती.

पाऊस झाला, पिकं वर आली. गणपतीच्या आधी एके सकाळी जीप बोळासमोर उभी राहिली. हिंदुराव खाली उतरले. “मोठा काटा घ्या. शेतात लावलाय एकानं. शेजाऱ्यानंच खबर दिलीय.”

“कुठं?”

“मैंदर्गी.”

नबीसाब काटा मांडीवर घेऊन जीपमध्ये बसले. गाडीत नव्यानं आलेले एक तरुण साहेब होते, दोन पंच होते. मैंदर्गीत शेतकरी काय एक आहे का, असं नबीसाब स्वतःला समजावत होते. गावाबाहेर जीप ओढ्याच्या कडेनं वळली आणि शेळ्या दिसायला लागल्या तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले.

गोठ्यामागं बाभळीच्या काट्यांचं कुंपण होतं, त्यावर जुनी लुगडी टाकलेली. आत छातीएवढी झाडं डुलत होती. हाताच्या पंजासारखी पानं, कडेला करवतीसारखे दात. गावच्या शेतात इतकं निगुतीनं राखलेलं पीक नबीसाबांनी पाहिलं नव्हतं. एक तण नाही, आळी बांधलेली, पाणी दिलेलं. बाळासो गोठ्याच्या खांबाला धरून उभे होते. त्यांनी नबीसाबांकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

“ओळखता यांना?” साहेबांनी नबीसाबांना विचारलं.

“शेळ्यांचा काटा दुरुस्तीला माझ्याकडं आणतात,” नबीसाब म्हणाले. ते काटा सपाट जागी मांडायला लागले. या माणसाचा आकडा आपल्याच तोंडानं मोठ्यानं वाचायचा होता.

साहेबांनी खूण केली. शिपायानं पहिलं झाड बुडख्याशी धरून ओढलं. तेवढ्यात घराकडनं आरोळी आली.

“अवोऽऽ! मुळासकट नका उपटू! श्येंडं खुडा, श्येंडं! परत फुटतंय त्ये!”

मायाक्का पदर खोचून धावत आली. हातात टोपली होती. शिपाई झाड धरून तसाच थांबला. साहेब चक्रावले. “तुम्ही खुडता हे?”

“मग? रोजच खुडते की.”

“मायाक्का, गप!” बाळासो रडकुंडीला आले.

“का गप? तुमी काय उपाशी र्‍हाताय व्हय? श्रावणापास्नं हेच खाताय.”

साहेबांनी हिंदुरावांकडं पाहिलं, हिंदुरावांनी बाळासोंकडं. “खाताय?”

“पुंडी हाय न्हवं का सायेब ही,” मायाक्का म्हणाली. “तुमच्याकडं अंबाडी म्हणत्यात. आंबट भाजी. तुमी कंच्या गावचं?”

हिंदुरावांनी एक पान तोडून चावलं. डोळे बारीक झाले, तोंड वाकडं झालं. “आंबट हाय, साहेब.”

साहेबांचा त्यावर विश्वास बसला नाही. त्यांनी गांजा तपासायची पेटी उघडून बाटलीतल्या औषधात पान टाकून पाहिलं. रंग बदलला नाही. दुसऱ्या झाडाचं टाकलं, तिसऱ्याचं टाकलं. मग त्यांनी टोपी काढून घाम पुसला. “एवढी साधी अंबाडी आहे, तर कुंपण कशाला? लुगडी कशाला?”

मायाक्कानं गोठ्याकडं बोट केलं. “शेळ्या खात्यात की, सायेब.”

शेळ्या खरंच कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. साहेबांनी शेळ्यांकडं पाहिलं, मग बाळासोंकडं. त्यांना सगळं कळलं होतं, पण अंबाडी लावल्याबद्दल कुठलं कलम लावणार? “काका, पुढच्या वेळी बी पारखून घ्या,” एवढं म्हणून ते जीपकडं निघाले. मायाक्कानं मात्र कुणाला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही.

ओसरीवर भाकरी, लसणाची फोडणी घातलेली पुंडी आणि कांदा आला. बाळासो नुसता कांदा कुरतडत होते. मायाक्का हळूच नबीसाबांना म्हणाली, “पयल्या पानालाच वळखलं होतं मी. पर ह्या मानसानं जल्मात एका रोपाला पाणी घातलं न्हवतं. म्हटलं, घालतंय तर घालू दे.”

जेवताना विषय निघालाच. हिंदुराव म्हणाले, “परवानगी असती तर आजचा हेलपाटा वाचला असता.”

“दारूला परवानगी हायच की,” मायाक्का तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली. “आमच्या आळीत कंचं घर सुदारलं?”

“पण दारू प्याला म्हणून कुणी दहा वर्षं आत जात नाही,” साहेब पटकन बोलून गेले आणि मग आपण साहेब आहोत हे आठवून गप्प झाले.

सगळ्यांनी पुन्हा नबीसाबांकडं पाहिलं. या वेळी त्यांना टाळता आलं नाही. ते म्हणाले, “मला दोन्ही वाटतं. पिशवी धरणारं पोरगं आत जाऊ नये असं वाटतं. पोराच्या हातात पिशवीच येऊ नये, असंही वाटतं. दोन्ही एकदम कसं जमवायचं ते मला माहीत नाही. त्या व्हिडिओतल्या कोटवाल्यालाही माहीत नसणार, पण त्याला बोलायची घाई होती.”

मायाक्कानं साहेबांच्या ताटात आणखी भाजी वाढली.

आठवड्यानं बाळासो नवी पेठेत हजर. तोंडावर रंग परत आला होता, राग डोक्यात गेला होता. स्टुलावर बसताच म्हणाले, “नबीसाब, मला फसवलंय. त्या बाजारातल्या माणसावर तक्रार करायची हाय. हिंदुरावांस्नी सांगा.”

“करू या,” नबीसाब म्हणाले. “तक्रारीत काय लिहायचं?”

“लिवा की. गांजाचं बी म्हणून पैसं घेतलं आणि पुंडीचं बी...” बाळासोंची बोटं हवेतच थांबली. शेजारून चन्नप्पांना ठसका लागला.

“न्हाई लिवता येत व्हय?” बाळासोंनी विचारलं.

“लिहिता येतं. लिहून झालं की तुम्हीच आत बसाल.”

“मग त्या मानसाचं काय करायचं? सोडून द्यायचं?”

नबीसाबांनी दोन चहा सांगितले. “त्यानं खरं बी दिलं असतं तर आज तुम्ही कुठं असता, बाळासो?”

चहा आला, बाळासोंनी बशीत ओतला, फुंकून प्याले आणि मिशी पुसली.

“भेटला तर त्याला च्या पाजतो,” ते म्हणाले, “पण भजी न्हाई खायला घालणार.” आणि अक्कलकोटची गाडी धरायला स्टँडकडं निघाले.