इदालिनाची साक्ष

इदालिना बोर्बाला खोटं बोलता येत नाही. चीजच्या कारखान्यात ती माझ्या शेजारी उभी असते. मुकादमानं उशीर का झाला विचारलं, तर सरळ सांगते, "झोप लागली." आम्ही पोर्तुगालच्या आझोर बेटांवरून कॅलिफोर्नियात आलेली, गायींच्या दुधावर जगणारी माणसं, एकमेकांची लफडी झाकण्यात पटाईत. ही मात्र त्यातली नाही. म्हणून तर कोर्टानं तिचा शब्द लगेच मानला.

तिचा मुलगा दुआर्ते. त्याला आवाज ऐकू यायचे. त्या आवाजांचं ऐकून त्यानं एका सकाळी शेजाऱ्याच्या गाडीच्या काचा फावड्यानं फोडल्या, शेजाऱ्यावरही फावडं उगारलं. थेट तुरुंगात गेला. कोर्टानं वकीलबाई दिली. ती म्हणाली, "जजला पटलं तर खटला थांबवून उपचाराला पाठवतात. उपचार पुरे झाले की खटलाच रद्द. पण घर आहे म्हटलं, तर घरी राहूनच गोळ्या घे म्हणतील."

"घरी गोळ्या संडासात टाकतो तो," इदालिना म्हणाली.

"मग सांगा, मी त्याला घरात घेणार नाही. बेघराला उपचार केंद्रात खाट आधी मिळते. सगळ्याच आया सांगतात. त्याला मात्र हे आधी सांगू नका, तुरुंगातले फोन पोलीस ऐकतात."

कोर्टात दुआर्ते काचेमागे बेड्या घालून उभा होता. जज भला माणूस होता, आणि भल्या जजांचा मला मनापासून राग आहे. त्यानं मायेनं विचारलं, "बाई, मुलगा तुमच्याकडे राहू शकेल?"

"नाही."

"बरा झाल्यावर तरी?"

हे कुणी पढवलं नव्हतं. तिनं वकीलबाईकडे पाहिलं, तर ती पुढच्या आरोपीचे कागद चाळत होती.

"कधीच नाही," इदालिना म्हणाली.

खाट मिळाली. सुरुवातीला केंद्रात भेटी बंद होत्या. सुरू झाल्या तेव्हा दुआर्तेनंच आईला भेटायला नकार दिला. पण पोरगा बरा झाला, हे नाकारून चालणार नाही. शेवटच्या तारखेला जजनं खाली येऊन त्याच्याशी हात मिळवला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिथली पद्धतच आहे ती. मी नाही वाजवल्या.

इदालिनानं घरी गोड पाव भाजून ठेवला होता, त्याची खोली रंगवली होती. कोर्टाबाहेर पायऱ्यांवर तिनं त्याला सगळं सांगितलं, वकीलबाईसकट. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. पूर्वीसारखा ओरडला असता तर बरं झालं असतं.

"चल आता घरी," ती म्हणाली.

"माई, आवाज खरा की भासाचा, ते ओळखायला शिकवलंय मला तिथं," दुआर्ते म्हणाला. "दुसऱ्या कुणी ऐकला का, ते विचारायचं. तुझं 'कधीच नाही' अख्ख्या कोर्टानं ऐकलंय."