ताजं पेट्रोल

एल्डनची गवत कापायची गाडी आपोआप बिघडली नव्हती. ती मी बिघडवली. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढे मी कनवाळू शेजारी म्हणून खपून जाईन.

एल्डन त्र्याऐंशी वर्षांचा. नेब्रास्काच्या आमच्या टापूतली मळणीयंत्रं त्याने चाळीस वर्षं दुरुस्त केली. नजर अधू झाली म्हणून मोटारीचा परवाना गेला, तेव्हा 'कुणाच्या गाडीत गाठोड्यासारखा बसणार नाही' असं म्हणून तो बसून चालवायच्या त्या गवताच्या गाडीवरच बाहेर पडू लागला. जायचा एकाच ठिकाणी. रोज साडेअकराला निघून हमरस्त्याने दीड मैल, वृद्धाश्रमात. तिथे त्याची बायको वर्ला होती. तिला एल्डनचं नावही आठवत नसे, पण त्याने चमचा पुढे केला की ती तोंड उघडायची. दुसऱ्या कुणी केला की ओठ घट्ट मिटायची.

जूनमध्ये धान्याचा एक ट्रक त्याला घासून गेला. ओमाहाहून त्याच्या मुलीचा, जोलीनचा फोन आला.

"डेल, तुम्हीच काहीतरी करा. बाबा माझं ऐकत नाहीत. ती गाडी बंद पडली तर तुमच्या ट्रकमध्ये तरी बसतील."

एल्डनचं पेट्रोल मीच आणून द्यायचो. त्या सोमवारी डब्यात दोन पेले पाणी घातलं आणि टाकी भरून दिली. भल्यासाठीच करतोय असं वाटत होतं मला. गाढव होतो.

मंगळवारी इंजिन आचके द्यायला लागलं. आवाज चढायचा, पडायचा, मग फट् करून सगळं थंड. मी ट्रक घेऊन उभाच होतो.

"चल एल्डन, सोडतो तुला."

"थांब रे. प्लग खराब झालाय. दहा मिनिटांचं काम."

नवा प्लग बसला. इंजिन तसंच खोकत राहिलं. मग त्याने हवेची जाळी झटकली, पुढे गवताची पाती अडकलीत का पाहिलं, प्रत्येक वेळी 'दहा मिनिटं' म्हणाला आणि जेवणाची वेळ टळून गेली. आयुष्यभर दुसऱ्यांची यंत्रं चालू करून दिलेला माणूस, स्वतःच्या यंत्रापुढे हार कशी मानणार? बुधवारी त्याने व्हॉल्व्हची फट मोजली. दुपारी आश्रमातून फोन आला की वर्लाने कालपासून घोटभर पाण्यापलीकडे काही घेतलेलं नाही. एल्डनने फोन ठेवला आणि पाना इंजिनवर आपटला.

"चाल ना गं बये! माझी बायको उपाशी आहे!"

मग माझ्याकडे वळला. "डेल, पेट्रोल तर नाही ना खराब?"

"ताजं आहे. मीच आणलंय ना," मी म्हणालो. तेव्हा खरं बोलायला काय झालं होतं? जीभ रेटलीच नाही.

कार्बोरेटर त्याने शेवटासाठी ठेवला होता, कारण खालचा नट बारीक आणि त्याची बोटं थरथरायची. गुरुवारी मला म्हणाला, "तू उघड." मी म्हटलं, कंबर धरलीय, वाकवत नाही. तेव्हा तोच काँक्रीटवर आडवा झाला. नट तीनदा निसटला. अखेर कार्बोरेटरच्या तळाची, पेट्रोल साठायची वाटी सुटली. त्यातलं पेट्रोल त्याने काचेच्या बरणीत ओतलं आणि बरणी उजेडात धरली. तळाशी पाण्याचे थेंब लोळत होते.

"पावसाचं शिरलं असेल झाकणातून," मी म्हणालो. तीन आठवड्यांत आमच्याकडे पावसाचा टिपूसही नव्हता.

त्याने बरणी बाजूला ठेवली. टाकी रिकामी केली, नळी फुंकली, पंपावर पायी जाऊन पेट्रोल आणलं. मला मागितलं नाही. पहिल्याच झटक्याला इंजिन सुरळीत चालू झालं. तो हमरस्त्याला लागला आणि मी इशाऱ्याचे दिवे लुकलुकवत ट्रक त्याच्या मागे बैलगाडीच्या वेगाने नेला. हे मी पहिल्या दिवसापासून करू शकलो असतो.

वर्ला खिडकीशी होती. एल्डनने हात पुसले, सफरचंदाचा गर चमच्यात घेतला, पुढे केला.

"वर्ला, जेवायचं ना?"

तिने त्याच्याकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटून मान वळवली. त्याने पुन्हा केला. पुन्हा. नर्सकडे पाहावं तसं ती त्याच्याकडे पाहत होती.

"दोनच दिवस गं," एल्डन म्हणाला. "दोनच दिवस नव्हतो."

मला ते बघवेना. "एल्डन, पाणी मी घातलं."

"बरणी पाहिली तेव्हाच कळलं." त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "इकडे ये. मी तिची मान धरतो. चमचा तू धर. तिला आता तू नि मी सारखेच."

मी चमचा धरला. साडेतीनपर्यंत आम्ही दोघं तिथे बसलो होतो, आणि वर्लाने तोंड उघडलं नाही.