नाना टायमकीपरचा तिसरा रविवार

नाना टायमकीपर कबड्डीचा सामना बघताना खेळाडूच्या तोंडाकडे कधी बघायचे नाहीत. त्यांची नजर गुडघ्याच्या खाली. गुण किती झाले हे मध्यंतरात त्यांना शेजाऱ्याला विचारावं लागायचं. त्यामुळे मैदानाबाहेर त्यांना खेळाडू ओळखूच यायचे नाहीत. एकदा कात्रपला एका लग्नात तिथल्या संघाचा कर्णधार त्यांच्या पाया पडला. नानांनी त्याला नवरदेवाचा भाऊ समजून आहेराचं पाकीट हातात दिलं. तो पाकीट घेऊन चार पावलं गेला आणि नानांनी मागून हाक मारली, "अरे, तू कात्रपचा उजवा कोपरा. टाच उचलून चालायची सवय गेली नाही अजून. आण ते पाकीट."

अंबरनाथच्या एका रसायनांच्या कारखान्यात ते फाटकावर टाइमकीपर होते. हजारभर माणसं रोज त्यांच्यासमोरून आत जायची. कार्ड पंच व्हायच्या आधीच नाना एखाद्याला सांगायचे, "तू परत जा, तुला ताप आहे." किंवा, "काल बायकोशी भांडलास, आज मशीनवर हात सांभाळ." कामगार म्हणायचे, नानांना वास येतो. वास वगैरे काही नाही. माणूस कसा चालत येतो हे ते बघायचे. तीस वर्षं बघितलं की कोणालाही कळेल, असं त्यांचं म्हणणं. मी वीस वर्षं गिऱ्हाईक बघितलं आहे. मला कळतं ते एवढंच, की कोण किती ताणणार.

माझं उल्हासनगरला जुन्या शिलाई मशीनचं दुकान. मोडलेली मशीन घ्यायची, दुरुस्त करायची, रंगवायची, रेडिमेडवाल्यांना विकायची. सोनिवलीहून हात हलवत आलो होतो, बापाने काही ठेवलं नव्हतं, त्यामुळे मला कोणी फुकट शहाणपण शिकवलं की डोकं फिरायचं. नाना हा एकच माणूस असा, की ज्याचं मी गप्प ऐकून घ्यायचो. आणि त्यांच्यावरच माझा एक राग आहे, जो अजून पुरता गेलेला नाही. त्यासाठीच हे लिहितो आहे असं म्हटलं तरी चालेल.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आमच्या पट्ट्यात कबड्डीला फार जोर होता. दुकानदार, बांधकामवाले, गावचे पुढारी संघ बांधायचे, बाहेरून खेळाडू हंगामापुरते पैसे देऊन आणायचे. दिवाळी झाली की मैदानं सुरू, ती थेट शिमग्यापर्यंत. आणि जिथे संघ, तिथे पैजा. कोणी लपवायचं नाही, फक्त पोलिसासमोर बोलायचं नाही. पैज लावणाऱ्यांची खरी अडचण हंगामाच्या सुरुवातीला. संघ नवे, खेळाडू इकडचे तिकडे गेलेले, भाव कशावरून काढणार? त्यासाठी नाना.

दिवाळीनंतर तीन आठवडे नाना कारखाना सुटला की मैदानावर. हेंद्रेपाडा, कात्रप, अंबरनाथ, उल्हासनगरच्या कॅम्पातल्या वस्त्या, एकही संघ सोडायचे नाहीत. पण या तीन आठवड्यांत तोंडातून अवाक्षर नाही. मग तिसऱ्या रविवारी सकाळी दहाला, अंबरनाथच्या बाजाराच्या तोंडाशी एका चहावाल्याच्या बाकावर बसून ते एकेका संघाबद्दल दोन-तीन वाक्यं बोलायचे. ऐकायला शंभर-दीडशे माणसं. रिक्षावाले रिक्षा बंद करून उभे.

"हेंद्रेपाडा. बैल चांगले, गाडीवान नाही. उपांत्य फेरीपर्यंत आपोआप जातील, पुढे कोणी न्यावं लागेल." "कात्रप. पहिल्या दहा मिनिटांत सामना जिंकतात. उरलेल्या तीस मिनिटांचं काय करायचं ते त्यांना कोणी सांगितलेलं नाही." उल्हासनगरच्या एका श्रीमंत संघाबद्दल एका वर्षी एवढंच म्हणाले, "बूट महाग आहेत." कबड्डी मातीवर अनवाणी खेळतात. लोक पाच मिनिटं हसत होते. त्या संघाचा मालकही तिथेच होता, तोही हसला, पण पुढच्या आठवड्यात त्याने दोन खेळाडू बदलले.

एक सिंधी चाचा दर वर्षी पुढे बसायचे. ते म्हणायचे, "नाना, इतना लंबा मत बोलो. कोण जिंकणार, बस." नाना म्हणायचे, "ते मला माहीत असतं तर मी टाइमकीपर असतो का? कोण कसा चाललाय एवढं सांगतो. पहिल्या तीन आठवड्यांत संघ खोटं बोलत नाही, नंतर शिकतो." स्वतः त्यांनी आयुष्यात एक रुपयाची पैज लावली नाही. चुकायचेही. एका वर्षी अंबरनाथच्या ज्या संघाला त्यांनी मोडीत काढलं, त्यानेच ढाल नेली. पुढच्या वर्षीच्या तिसऱ्या रविवारी नानांनी सुरुवातच त्याने केली. म्हणाले, मी नीट बघितलं नव्हतं, आज चहा माझ्याकडून. दीडशे माणसांचा चहा त्यांनी पाजला.

त्यांचा नियम एकच होता, आणि तो मी मोडायला बघितला होता. रविवारच्या आधी कोणाला काही सांगायचं नाही. सख्ख्या मेव्हण्यालाही नाही. ते म्हणायचे, "एकाला आधी सांगितलं की तो बाकीच्यांना लुटतो, आणि हत्यार माझं असतं." एका शुक्रवारी मी पेढ्यांचा मोठा खोका घेऊन त्यांच्या घरी गेलो. सहज आलो म्हणालो. नानांनी एक पेढा खाल्ला, खोका ठेवून घेतला. रविवारी चहाच्या दुकानात तो खोका सगळ्यांत फिरला. नाना सांगत होते, "घ्या, वसंताने पाठवलेत. आधी कळावं म्हणून." मी तिथेच होतो. पेढा मलाही मिळाला.

मग मी स्वतःचाच संघ बांधला. बदलापूरचा. कारण माझा धाकटा भाऊ दिगंबर. दिगूसारखा चढाईपटू आमच्या भागात तेव्हा नव्हता. समोरच्याला स्पर्श करून डाव्या पायावर असा वळायचा, की पकडणाऱ्याच्या हातात वारा. एका बँकेत खेळाडूंच्या जागा निघाल्या होत्या. जानेवारीत निवडीचे लोक जिल्हा स्पर्धा बघायला येणार होते. दिगू दहावी कसाबसा झालेला. ही नोकरी त्याला मिळाली, तर माझ्यासारखं आयुष्यभर गिऱ्हाइकाशी घसा फोडायची वेळ त्याच्यावर येणार नव्हती. संघावर मी जे घातलं ते ढालीसाठी नव्हतं.

पहिले चार सामने आम्ही सहज जिंकले. तिसऱ्या आठवड्यातल्या शनिवारी दुपारी नाना माझ्या दुकानात आले. आधी कधी आले नव्हते. त्या वेळी माझ्यासमोर एक रेडिमेडवाला बसला होता, बारा मशीनचा सौदा, आणि तो सुताला सूत लागू देत नव्हता. मी नानांना स्टूल दिलं, पाणी दिलं, आणि पुन्हा त्याच्याकडे वळलो. वाटलं, त्यांच्या घरी काकूंच्या मशीनचं काही काम असेल. नाना तासभर बसले. मध्येच त्यांनी विचारलं, "वसंता, दिगू घरात जिना कसा उतरतो?"

मी म्हणालो, "नाना, आमची बैठी चाळ. जिना कुठला?"

ते बरं म्हणाले. थोडा वेळ बसले आणि उठून गेले. मी रेडिमेडवाल्याला अकरा मशीनच्या भावात बारा देऊन मोकळा झालो आणि उगीच बारावं दिलं म्हणून संध्याकाळपर्यंत चडफडत राहिलो.

दुसऱ्या दिवशी तिसरा रविवार. नानांनी सगळे संघ घेतले, आमचा शेवटी ठेवला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "बदलापूर. चढाई करणाऱ्या मुलाचा डावा गुडघा गेला आहे. तो आता उजव्यावर वळतो आणि डाव्याचं नाटक करतो. दीड-दोन महिने त्याला बसवा. खेळवलात तर संघही जाईल आणि मुलगाही."

गर्दीत कुजबुज सुरू झाली. आमच्या संघाचा भाव तिथल्या तिथे पडला. मला दुसरं काही दिसलं नाही. सौद्यात माणूस माल का पाडून बोलतो, हे मला कोणी शिकवायला नको. मी उभा राहिलो आणि शंभर माणसांत म्हणालो, "नाना, हे बोलायचे कोणी किती दिले ते सांगा. मी दुप्पट देतो."

 चाचा हळूच म्हणाले, "वसंत, बैठ जा." नानांनी बशीतला चहा संपवला. मग म्हणाले, "पोराला आधी डॉक्टरकडे ने. भांडायला मग ये. मी इथेच आहे."

घरी येऊन मी दिगूला विचारलं, गुडघा दुखतो का. तो म्हणाला, "नाही दादा, जरा लचकलाय." माझ्याकडे बघून म्हणाला नाही, भिंतीकडे बघून म्हणाला. समोरचा खोटं बोलतोय हे मी दुकानाच्या पायरीवरूनच ओळखतो. त्या दिवशी ओळखलं नाही, कारण मला ओळखायचं नव्हतं. त्याला नोकरी हवी होती, मला नानांना खोटं पाडायचं होतं. डॉक्टर राहून गेला.

पुढच्या गुरुवारी चार वाजता अंबरनाथला सामना होता. मी मुद्दाम सगळ्यांना बोलावलं. मध्यंतरापर्यंत दिगूने एकट्याने अकरा गुण आणले. मी मैदानाच्या कोपऱ्यात बसलेल्या नानांकडे दोनदा वळून बघितलं. त्यांची नजर खालीच. उत्तरार्धातल्या तिसऱ्या चढाईत दिगूने एकाला शिवलं. उजवीकडे दोघं होते म्हणून त्याला डाव्यावरच वळावं लागलं. मध्यरेषेपासून दोन हातांवर तो बसला. त्याला कोणी धरलं नव्हतं. पकडायला आलेली पोरंच मागे सरकली. मी धावत पोचलो, तेव्हा नाना आधीच तिथे गुडघ्यावर बसले होते. दिगूचा पाय त्यांनी मांडीवर घेतला होता आणि कोणालाही हात लावू देत नव्हते.

ऑपरेशन झालं. पाय वाचला, खेळ गेला, आणि अर्थात बँकही. दिगू माझ्या दुकानात मशीनची कामं करू लागला. मी नानांशी बोलणं टाकलं. माझं म्हणणं साधं होतं. परक्यांच्या संघाला त्यांचा नियम असेल. माझ्या भावाचा पाय ही पैजेची गोष्ट नव्हती. ती मला सट्टेवाल्यांबरोबर का कळावी? एक दिवस आधी घरी येऊन सांगितलं असतं, तर मी ऐकलं असतं. हे मी दोन वर्षं भेटेल त्याला ऐकवलं.

त्या दोन वर्षांत नानांचं काय झालं, ते मला दिगूकडून कळलं. दिगू त्यांच्याकडे जायचा, माझ्यापासून चोरून. लोक म्हणायचे, नाना काय अचूक बोलले, आणि पुढच्या हंगामात तिसऱ्या रविवारी दुप्पट गर्दी जमली. नाना आले, चहा प्यायले आणि म्हणाले, यंदा मी काही बघितलं नाही. लोकांनी नाही नाही ते ऐकवलं, चाचांनी तर हात जोडले. नाना उठून गेले. पुन्हा त्या बाकावर बसले नाहीत. पण बघितलं नव्हतं हे खोटं. ते प्रत्येक मैदानावर असायचे, आणि ज्या पोराच्या चालीत काही दिसेल, त्याच्या घरी दुसऱ्या दिवशी सकाळी जायचे. आईबापाला सांगायचे, चहा न घेता निघायचे. वांगणीकडच्या एका पाड्यावर तर ते डोंगर चढून गेले होते. पैजवाल्यांत त्यांची किंमत शून्य झाली. कोणी म्हणे, नाना आता संपले.

हे ऐकून मी गेलो. समेट करायला नाही, भांडायलाच. दोन वर्षांचे मुद्दे तयार होते, ते काय म्हणतील आणि मी काय म्हणेन सगळं पाठ. नाना ओट्यावर बसले होते. मी उभ्यानेच म्हणालो, "नाना, मला तुम्ही आदल्या दिवशी सांगायला हवं होतं."

"हो," नाना म्हणाले. "सांगायला हवं होतं."

मी चपला काढून ओट्यावर बसलो. काकूंनी आतून पोहे आणले. ते खाऊन आम्ही यंदाच्या हेंद्रेपाड्याबद्दल बोललो.

त्यानंतर नाना सहा-सात वर्षं होते. आमचं जाणं-येणं राहिलं. त्या शनिवारी दुकानात येऊन त्यांनी मला विचारलं होतं, आणि मी बारा मशीनच्या नादात ऐकलं नव्हतं, हे मला त्या पोह्यांच्या दिवशी रस्त्याने परत येतानाच कळलं होतं. मी वाट बघत राहिलो. कधीतरी, एखाद्या वादात, चिडून का होईना, ते म्हणतील: वसंता, मी आलो होतो. सौद्यातला हुकमाचा पत्ता हातात असून न टाकणारा माणूस मी दुसरा बघितला नाही. ते गेले, पण बोलले नाहीत. दिगूलाही सांगितलं नव्हतं.

ते शेवटी मीच सांगितलं. नानांच्या तेराव्याहून परत आल्यावर, दुकानात. तासभर बसले होते, जिन्याचं विचारलं, आणि मी म्हणालो आपल्याकडे जिना नाही. दिगू मशीनला तेल घालत होता. हात न थांबवता म्हणाला, "जिना नव्हता दादा. पण उंबरा होता. तो ओलांडताना मी दोन्ही हातांनी चौकट धरायचो."

तेव्हा मी रोज त्या उंबऱ्याकडे तोंड करून जेवायला बसत असे.