तीन तालुक्यांत गाजलेला आवाज

विलासचा फोन आला तेव्हा मी सुट्टी कुठे घालवायची याच विचारात होतो. "कबड्डीचे सामने सुरू झाले. उंद्री, मोताळा, संग्रामपूर. तू ये बे. सोमवारपर्यंत मले एक जवाब द्यायचा हाय, सोबत कोनी पायजे."

विलास माझा कॉलेजच्या होस्टेलमधला मित्र. मोताळ्यात त्याचं साउंड सर्व्हिसचं दुकान आहे, पण लोक त्याला ओळखतात ते कबड्डीचा समालोचक म्हणून. पुण्यातल्या एका ऑनलाइन क्रीडा वाहिनीनं त्याची चाचणी घेऊन त्याला बोलावलं होतं. तिथे तो चार समालोचकांमधला चौथा असणार होता, आणि पूर्ण मोसम पुण्यात राहावं लागणार होतं. म्हणजे इकडची मैदानं सुटणार.

पुण्याहून रात्रीची खासगी बस पकडली की सकाळी बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखलीला उतरता येतं. जालन्यानंतर रस्ता चांगला आहे. थंडीत जाणार असाल तर शाल हाताशी ठेवा. विलास जीप घेऊन आला होता. तिथून खामगाव रस्त्यानं उंद्री. दोन्ही बाजूंना तूर उभी, शेंगांनी वाकलेली.

मैदानावर त्यानं माईक हातात घेतला आणि मी चमकलो. "चढाईपटू आता मध्यरेषेकडे मार्गक्रमण करीत आहे." पुण्याचा सराव चालला होता. लोक गप्प बसले. शेवटी दोरीपलीकडून एक फेटेवाले काका ओरडले, "ओ विलासभाऊ, बातम्या काऊन सांगून राह्यले?"

सगळं मैदान हसलं. विलासही हसला, आणि पुढच्या चढाईला त्याचा खरा आवाज आला. "आला रे आला, पाय पाहा त्याचा, धरा त्याले, सोडू नोका!" माणसं उठून उभी राहिली. सामना संपल्यावर चहाच्या टपरीपर्यंत पोचायला आम्हाला बराच वेळ लागला, कारण जो तो त्याला थांबवून बोलत होता.

बुलढाण्याहून राजूर घाट उतरून मोताळ्याला गेलो. घाटात गाडी हळू घ्या, वळणं फसवी आहेत. दुसऱ्या दिवशीचा सामना दुपारी होता, म्हणून सकाळी घरीच बसलो. विलासच्या बायकोनं, शारदावहिनींनी, कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत वाढलं. ज्वारी-उडदाची ती खरपूस भाकरी हॉटेलात सहसा मिळत नाही. कोणी घरी बोलावलं तर नाही म्हणू नका.

विलास आंघोळीला गेल्यावर मी विचारलं, "वहिनी, तुम्हाला काय वाटतं?"

"दुकान मी पाहून घेईन, भाऊजी. इथं ह्यायले सारे विलासभाऊ म्हनतात. तिथं कोनी ओळखनार नाही. पन मले त्याचं भेव नाही." त्या तव्याकडे बघत म्हणाल्या, "तिथून मन खट्टू करून वापस आले, तं मंग इथंही मन लागनार नाही. त्याचं भेव हाय."

तिसऱ्या दिवशी नांदुऱ्यावरून पूर्णा ओलांडून संग्रामपूर. समोर सातपुड्याची निळी रांग, हवा एकदम कोरडी. लॉजपेक्षा सामन्यांच्या आयोजकांकडे सोय करून घेतलेली बरी. जेवणही तिथेच होतं. त्यांनी या वेळी आणखी एक समालोचक बोलावली होती. रेश्मा, जळगाव जामोदची, स्वतः विद्यापीठाकडून खेळलेली. मुलींच्या अंतिम सामन्याचा पहिला डाव विलासचा, दुसरा तिचा.

ती फार कमी बोलत होती. "कोपऱ्यातली पोरगी खाली वाकली. आता घोटा धरंन," ती म्हणाली, आणि दुसऱ्या क्षणी त्या पोरीनं घोटा धरला. मग ती गप्प राहिली, लोकांना ओरडू दिलं. विलास खुर्चीवरून उठून दोरीपाशी जाऊन उभा राहिला होता.

बक्षीस समारंभानंतर तो सरळ तिच्याकडे गेला. "माहं काय चुकते, सांगसान काय?"

ती जरा अवघडली. "राग येईन, भाऊ."

"नाही येत. बोला."

"तुमी खेळापेक्षा जास्त बोलता. लोकं तुमाले ऐकतात. खेळ राहून जाते."

मला वाटलं, आता याचा चेहरा पडणार. तो मात्र मान डोलावत राहिला, आणि मग एकेक चढाई काढून तिला विचारत बसला. आयोजक जेवायला बोलावून दमले.

परतताना नांदुऱ्यात चहाला थांबलो. तिथे तो म्हणाला, "इतके वर्स झाले, मले कोनी चूकच दाखोली नाही बे. समोर कोनी होतंच कुठं? आज ती बोलत होती, अन् मले जळायच्या जागी मजा येऊन राह्यली होती." त्यानं ग्लास खाली ठेवला आणि तिथूनच वाहिनीला फोन लावला. येतो म्हणाला.

पुण्यात परतून आता दोन महिने झाले. या सहलीतलं काय राहिलं असं विचाराल, तर भरीत आणि सातपुडा आहेतच. पण स्वतःहून मागच्या रांगेत जाऊन उभा राहणारा विलास जास्त आठवतो. त्याच्या जागी मी असतो तर उंद्री सोडली असती का, मला अजून ठरवता आलेलं नाही.

तो इथेच खोली घेऊन राहतो. परवा त्याचा सामना ऐकला. त्याच्या वाट्याला थोडाच वेळ आला, आणि बाकीचे तिघं खरंच सरस होते. संध्याकाळी तो घरी आला.

"उंद्रीवाल्यायनं पुढच्या साली दुसरा मानूस ठरोला म्हने," तो म्हणाला.

"वाईट वाटलं?"

"हाव. लय वाटलं."

मग तो खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "पन आमच्या चौघांतला तो दुसऱ्या नंबरचा हाय ना, तो बोलता बोलता श्वास कुठं घेते ते मले आज समजलं. आयक."